राखणदाराचा कोंबडा

मी कोंबडा काखेत घेऊन अंगणात फेऱ्या मारत होतो आणि शेजारचा पास्कू फर्नांडिस दगडी गडग्यापलीकडून मला शिकवत होता.

"मान खाली, प्रोफेसर. तेची मान वर रवली की तुमची खाली गेली म्हणान समजा."

"धरलीहा ना खाली."

"तशी न्हय. आवस पोराक पाहुण्यांच्या पाया पडूक लावता, तशी. हां. आता कोंबड्यांच्या मधल्यान चला. तेंकापण बघूंदे, ह्याका उचलणारो कोणतरी आसा."

मी कोंबड्यांच्या दिशेने चाललो. कोंबड्यांनी बघायची तसदी घेतली नाही. त्या न्हाणीच्या मागे, सरपणाच्या आडोशाला दाटीवाटीने उभ्या होत्या. एकीच्याही पाठीवर धड पिसं उरली नव्हती. त्यातली काबरी तर मानेपासून शेपटीपर्यंत सोललेल्या फणसासारखी दिसत होती. काखेतला कोंबडा मात्र शांत होता. खाली ठेवला की सरळ तिकडेच जायचं, एवढं त्याचं ठरलेलं असावं.

मी तेव्हा कुडाळच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होतो. 'सत्ता आणि तिच्यावरील नियंत्रणे' हे प्रकरण वर्गात पटकन संपायचं. घरी ते संपता संपत नव्हतं.

"मगे? काय म्हणता?" वहिनीने ओट्यावरून विचारलं. तिच्या पुढ्यात सुपात तांदूळ होते.

"म्हणणार काय? आराम करता. फेऱ्या माज्या होतत."

"खाली ठेवा बघूया."

मी कोंबडा खाली ठेवला. त्याने अंग झाडलं, मान लांब करून बांग दिली. आवाज अजून फुटायचा होता, त्यामुळे बांग मध्येच घसरून शिट्टीसारखी निघाली. मग तो न्हाणीमागे गेला आणि तिथे जो आरडाओरडा सुरू झाला, त्यावरून पास्कूलाही कळलं की उपाय चाललेला नाही.

"जावंदे," तो म्हणाला. "उद्या परत करूया."

हा कोंबडा साधा असता तर प्रश्न एका रविवारी मिटला असता. तो देवाचा होता. त्यामुळे हा सगळा कारभार.

माझा थोरला भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात मी आणि वहिनी. माझं लग्न झालेलं नव्हतं. त्यावर वाडीची मतं होती, ती इथे नकोत. वहिनीचा एकुलता एक मुलगा गुरुदास जहाजावर आचारी होता आणि तो दर गणपतीला येणार होता. गणपतीला नाही जमलं तर शिमग्याला. आमच्याकडे बाहेरगावी गेलेला माणूस या दोन्हींपैकी एकाला येतोच. दोन्हींना न येणाऱ्याबद्दल लोक आवाज खाली आणून बोलतात. गुरूबद्दल बोलताना तो बराच खाली यायला लागला होता.

मध्यंतरी त्याचे फोनही बंद झाले. तेव्हा वहिनी राखणदाराला बोलली. राखणदार म्हणजे वाडीच्या सीमेवर सुरंगीच्या झाडाखाली एक दगड आहे, तो. वाडीची राखण तो करतो आणि वर्षातून एकदा वाडीने त्याला कोंबडा द्यायचा, असा करार आहे. मी त्याला करार पाळताना कधी पाहिला नाही. पण त्याच्याविषयी वावगं बोलणार नाही, कारण मला राहायचं तिथेच होतं.

"माजो झील घराक येवंदे, तुका कोंबो देतंय," असं वहिनी म्हणाली आणि नुकत्याच उबवून निघालेल्या पिल्लांतल्या एका तांबूस पिल्लाच्या पाठीवर तिने हात ठेवला. थोड्या दिवसांनी गुरूचा फोन आला. येतो म्हणाला. राखणदाराचं वजन वाढलं आणि पिल्लाचंही. पहिला दाणा त्याला, उन्हात पाणी त्याला. ओसरीवर चढलं तरी कोणी हुसकवायचं नाही. त्यातच जुना कोंबडा मुंगसाने नेला, म्हणजे त्याला टोच मारून जागा दाखवणारं घरात कोणी उरलं नाही. पुढे काय होणार हे राज्यशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याने सांगितलं असतं. माझ्या विद्यार्थ्यांविषयी खात्री नाही.

"वर कोण वडीलधारो नाय, मगे असोच होतलो," वहिनी एकदा म्हणाली. मग तिने विषय बदलला.

आम्ही सगळं करून पाहिलं. बांबूच्या डालग्याखाली झाकला; त्याने आतून असा गोंधळ घातला की कोंबड्यांनी बाहेर असूनही अंडी घालणं सोडलं. माडाला बांधला, दोरी संपते तिथपर्यंत त्याचं राज्य झालं. टेकडीवर राहणाऱ्या आणि वाडीची देवाची कामं बघणाऱ्या बाबल घाडीने स्वतःचा म्हातारा, अनुभवी कोंबडा आणून सोडला. "ह्यो शिकयतलो तेका," म्हणाला. दुपारच्या आत तो अनुभवी कोंबडा एकटाच टेकडी चढून बाबलच्या घरी परत गेला आणि पुढे बरेच दिवस, बाबलच्या सांगण्यानुसार, कोणाशी नीट वागला नाही.

"वयनी, देवाक दुसरो दिया," पास्कू म्हणायचा. "ह्याका माका दिया. नाताळाक बरो पडतलो."

"दुसरो कसो देव? ह्याच्या पाठीर हात ठेवन बोललंय मी."

"देव काय पाठ तपासूक बसता?"

"तुमचो तपासणा नसात."

पास्कू एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. त्याला जागेवरून वाद घालायची सवय होती, पण वहिनीपुढे तो उतरून घ्यायचा.

"मगे कोंबड्यांच्या पाठीर कापड तरी बांधा," तो म्हणाला. "माजी भयण म्हापशाक बांधता. दोन पंखांक दोन भोकां, खाली बंद. कोंबो पाठीर चढलो तरी नखां कापडाक लागतत."

"जुना कापड खंय आसा घरात?" वहिनी म्हणाली.

माळ्यावर गुरूची पत्र्याची पेटी होती. शाळेपासूनचे त्याचे सगळे शर्ट तिच्यात धुऊन, घडी घालून ठेवलेले होते. दर चतुर्थीच्या आधी ते उन्हात पडायचे आणि परत आत जायचे. मला पेटी आठवली. वहिनीला आठवली नाही असं होणं शक्य नव्हतं.

वाडीत फोन एकच होता, पास्कूच्या घरी, भिंतीला. गुरूचा फोन आला की पास्कू गडग्यावरून "वयनी, तारवटी!" अशी हाक मारायचा. तारवटी म्हणजे जहाजावरचा माणूस. मग वहिनी हात पुसत निघायची आणि मी मागोमाग.

त्या रविवारी पास्कू नुकताच चर्चमधून आला होता, अंगात अजून कोट होता. वहिनीने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"हां, बोल... बरी आसंय. तू जेवतंस मां? ... कोंबो? तेचा काय विचारतंस. काल काबऱ्येचो डोळो फोडल्यान... व्हय, एक गेलो. दुसऱ्यान बघता. ... तुजो काका तेका काखेत घेवन फिरता. रोज. ... खरांच. बाळंतपणाक आणलेल्या चेडवासारखो फिरयता."

तिकडून गुरूचं हसणं मलाही ऐकू आलं. वहिनीही हसली. मायलेकांना बोलायला आता तेवढंच उरलं होतं. कधी येतोस हे विचारलं की गुरूची लाइन खराब व्हायची. कोंबड्याबद्दल बोलताना मात्र ती कितीही वेळ चांगली राहायची. म्हणून वहिनी आठवडाभर त्या पक्ष्याचे गुन्हे साठवून ठेवायची, दुसऱ्या कोणी नातवाचे ठेवावेत तसे.

"मगे शिमग्याक..." वहिनीने सुरुवात केली आणि थांबली.

पुढे बराच वेळ तीच ऐकत होती. पास्कूने रेडिओ बारीक केला.

"कोण?" वहिनी म्हणाली. मग थोड्या वेळाने, "नाव काय?" मग, "बरा नाव आसा." मग, "नाय रे, रडणंय खंय? सर्दी झालीहा."

तिने रिसीव्हर जागेवर ठेवला, त्यावरचा क्रोशाचा रुमाल सरळ केला.

"काय म्हणता तारवटी?" पास्कूने विचारलं.

"बरो आसा."

घरी येताना मीही विचारलं. "वयनी, येता काय तो?"

"बघूया," ती म्हणाली.

मी शिकलेला माणूस असल्यामुळे मला सगळं लगेच कळलं. 'कोण' आणि 'नाव काय' म्हणजे मुलगी, आमच्या भाषेत चेडू. गुरूने मुलगी पाहिली होती. वहिनीला आधी धक्का, मग आनंद, मग सर्दी. सगळं क्रमाने बसत होतं.

सकाळी उठलो तेव्हा पेटी ओटीवर होती. वहिनी कात्री घेऊन बसली होती आणि तिच्याभोवती शर्ट पसरले होते. शाळेचा पांढरा, निळ्या चौकड्यांचा, दहावीच्या निरोप समारंभाचा तो भडक पिवळा. ती घाई न करता कापत होती. बटणं काढून वाटीत टाकत होती.

"हे... ह्ये कापतंस?"

"कापड व्हया होता मां. काबऱ्येक धरा."

मी काबरीला धरलं. वहिनीने तिच्या पाठीवर निळी चौकडी ठेवली, पंखांचं माप घेतलं, आतून बंद शिवले. काबरीने एका डोळ्याने स्वतःकडे पाहिलं आणि ती चालत सरळ अंगणाच्या मध्यभागी गेली. किती तरी दिवसांत ती तिथे गेली नव्हती. कोंबडा धावत आला, पाठीवर चढला आणि घसरून पडला. परत चढला, परत पडला. पिवळ्या शर्टातल्या कोंबडीने तर वळून त्यालाच टोच मारली. तो चकित होऊन उभा राहिला. तसे चकित झालेले मी फक्त आमचे प्राचार्य पाहिले आहेत, एकदा, शिपायाने रजा मागायच्या ऐवजी घेतली तेव्हा.

मी हसलो. वहिनी हसली नाही. पुढचा शर्ट तिने पुढ्यात घेतला, कॉलरपाशी बोट फिरवलं आणि कात्री लावली.

जुने कापले म्हणजे नवे येणार, असा मी निष्कर्ष काढला. गुरू आता परदेशी कपड्यांतला माणूस, त्याला हे कुठे होणार? आणि शेवटचा बंद शिवून झाल्यावर वहिनी म्हणाली, "भावोजी, बाबलाक सांगून येवा. उद्या सकाळी राखणदाराकडे गाऱ्हाणा घालूचा आसा. कोंबो देवचो." तेव्हा तर शंकेला जागाच उरली नाही. गुरू घरी आल्यावर द्यायचा कोंबडा उद्या द्यायचा, म्हणजे गुरू उद्या.

बातमी माझ्या आधी टेकडी चढून गेली. बाबल म्हणाला, देवाने काम केलं. पास्कूने ठेवणीतली बाटली पुसून ठेवली. मी गुरूच्या खोलीतल्या नारळांच्या राशी हलवल्या, खाट झटकली, बाजारातून सुरमई आणली. वहिनीने सुरमई पाहिली आणि विचारलं, "इतकी कशाक?"

"लागतली मां."

तिने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी सांगणार होती असं आता वाटतं. मग तिने सुरमईला मीठ-हळद लावली.

सकाळी तिने कोंबड्याला न्हाऊ घातलं. काखेत फिरवण्याचा एवढाच उपयोग झाला होता, तो हातात मुकाट राहिला. तिने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि त्याला स्वतः उचललं.

राखणदाराकडे बायका जात नाहीत. बाबलने तिला त्याची आठवण करून दिली.

"तुमी कित्याक, वयनी? आमी आसंव मां."

"नवस माजो आसा."

सुरंगीखाली आम्ही चौघं उभे राहिलो: वहिनी, मी, बाबल आणि चार पावलं मागे टोपी हातात घेऊन पास्कू, जो म्हणत होता की तो फक्त बघायला आलाय. बाबलने दगडावर पाणी घातलं, नारळ ठेवला, विडा मांडला आणि हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने घातलेली तक्रारवजा विनंती. म्हणणारा एकेक वाक्य म्हणतो आणि बाकीच्यांनी त्यावर 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ते न म्हटल्यास वाक्य वर पोचत नाही.

"बा राखणदारा म्हाराजा," बाबल म्हणाला, "आज ह्या तुज्या लेकरान जो काय मान तुज्या पायाकडे आणल्यान हा..."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"तिणा तुका सांगणा केलेला, झील घराक येवंदे म्हणान. तां तू आयकलंस. तिचो झील घराक इलो..."

"येवक नाय," वहिनी म्हणाली.

चालू गाऱ्हाणं कोणी थांबवल्याचं बाबलने आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. त्याचे हात जोडलेलेच राहिले.

"येतलो मां आज?" तो दबक्या आवाजात म्हणाला.

"येवचो नाय. जहाज सोडल्यान तेणा. थंय एका गावात रवता. कागद नाय तेच्याकडे, हय इलो तर परत जावक गावचा नाय. आणि जावक तर व्हया. थंय बाईल आसा तेची. चेडू झालाहा." ती थांबली. "चेडवाक माजा नाव ठेवल्यानीहा."

मी सुरमईचा विचार करत होतो. माणूस अशा वेळी कशाचा विचार करतो याला काही नियम नाही.

"मगे वयनी," बाबल शेवटी म्हणाला, "देवान काम करूक नाय. मगे कोंबो देवचो कित्याक? ह्या रीतीत बसणा नाय."

"देवान नाय केला तां बरा केला. मीच उलटा मागितलंय. पोर येवंदे, येवंदे, येवंदे म्हणतंय, आणि तो थंय घर मांडता हा. मी हयसून ओढतंय. खंयचातरी एक मोडला असता." तिने कोंबडा खाली ठेवला नाही. "तू असा सांग, बाबल. माजो शब्द मी मागे घेतंय. तेका थंयसरच बरो ठेव. तेची बाईल, तेचा चेडू, तेंची राखण कर. वाटेत आसलो तर वाट हय आणू नको."

"तेची हद हय नाय," बाबल म्हणाला. "ह्यो वाडीचो राखणदार. समुद्रापलीकडे तेचा चालणा नाय."

"तू सांग. जाय नाय जाय, ता तो बघीत."

बाबलने थोडा वेळ दगडाकडे पाहिलं, जणू त्यालाच विचारत होता. मग हात परत सरळ केले.

"बा राखणदारा म्हाराजा. ही आवस आपलो शब्द मागे घेता हा. तिचो झील जंय आसा, थंय तेका सुखी ठेव."

आता 'व्हय म्हाराजा' म्हणायची पाळी माझी होती. माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. बाबल थांबून राहिला, कारण उत्तराशिवाय पुढे जाता येत नाही. सुरंगीवर कुठलासा पक्षी बोलत होता.

"व्हय म्हाराजा," मागून पास्कू म्हणाला.

बाबलने वळून पाहिलं. पास्कूने टोपी छातीशी धरली होती. बाबलने मान हलवली आणि पुढची सगळी वाक्यं त्याच्याकडे बघून म्हटली, आणि पास्कूने प्रत्येकाला, तिकीट फाडावं तसं, चोख उत्तर दिलं.

मग वहिनीने कोंबडा बाबलच्या हातात दिला. देताना त्याची मान खाली गेली होती ती तिने हनुवटीखाली बोट घालून वर केली. आणि ती घरी निघून गेली.

राखणीचं जेवण तिथेच रांधायचं आणि तिथेच संपवायचं, घरी आणायचं नसतं. आम्ही तिघांनी ते संपवलं. पास्कूने बाटली उघडली. कोणी कोंबड्याच्या चवीविषयी बोललं नाही, आणि ती वाईट नव्हती. परत आलो तर अंगणभर कोंबड्या गुरूचे शर्ट घालून निवांत चरत होत्या. वहिनी चुलीपाशी सुरमई तळत होती.

"हात धुवा," ती म्हणाली. "गरम आसा तोवर खावा."

त्यानंतर बरेच महिने फोन आला नाही; पुढचा आला तेव्हा पावसाळा संपत आला होता. वहिनीने बायकोची चौकशी केली, मुलीला दात आले का विचारलं. मग तिकडून काहीतरी प्रश्न आला. रिसीव्हरवर हात ठेवून ती माझ्याकडे वळली.

"कोंबो कसो आसा म्हणान विचारता."

मी काही सांगण्याआधी तिने हात काढला.

"आसा," ती फोनमध्ये म्हणाली. "तसोच. दांडगो. काल पास्कूचो कोट फाडल्यान."

पास्कूने अंगातल्या कोटाकडे पाहिलं आणि मान डोलावली.

तिने त्याला का सांगितलं नाही, हे मी कधी विचारलं नाही. कोंबडा गेला म्हटलं असतं तर आई आता वाट बघत नाही, असं त्याला वाटलं असतं. ते खरं नव्हतं. तिने फक्त मागणं सोडलं होतं. त्यानंतर दर फोनच्या आधी ती मला विचारायची, "भावोजी, ह्या खेपेक काय केल्यान तेणा?" आणि मी काहीतरी द्यायचो. कोंबडा ग्रामसभेत शिरला. पोस्टमनला त्याने माडावर चढवलं. बाबलच्या म्हाताऱ्या कोंबड्याशी त्याचा समेट झाला आणि मोडलाही. वहिनी माझ्यापेक्षा चांगलं सांगायची. तिकडे आधी गुरू हसायचा. पुढे त्याच्याबरोबर एक लहान मुलगी, शब्द न कळता, हसायला लागली.

वहिनी गेली ती उन्हाळ्यात. तोवर वाडीत सगळ्यांच्या खिशात फोन आले होते. मी गुरूला कळवलं. त्याला येता येणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, म्हणून ते कोणी बोललं नाही. बाराव्याच्या संध्याकाळी त्याचा फोन आला. मी ओट्यावर बसलो होतो. समोरचं अंगण सारवलेलं होतं आणि त्यात एकही पक्षी नव्हता. कोंबड्या ठेवणं वहिनीनेच केव्हाचं सोडलं होतं.

"काका," तो म्हणाला, "कोंबो आसा?"

"आसा," मी म्हटलं. "सकाळपासून पास्कूच्या कौलांर चढून बसलोहा. उतराक तयार नाय."

तो हसला नाही.

"तेका सांभाळा," तो म्हणाला. "मी येयपर्यंत."